पंख्याच्या पुढून जाऊ नये: विमानाच्या प्रोपेलरभोवतीची सुरक्षितता

बेळगावच्या सांबरा विमानतळाची सुरुवात १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाचा तळ म्हणून झाली. त्यानंतर कित्येक दशके सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा, मोदगा या गावांतील बहुतेकांचा विमानाशी संबंध मान वर करून पाहण्यापुरताच राहिला. आता हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या जोडीला येथे वैमानिक घडविणाऱ्या प्रशिक्षण संस्था आल्या आहेत आणि प्रवासी उड्डाणेही होत असतात. त्यामुळे सामान चढवणारा कामगार, इंधन भरणारा मदतनीस, सफाई कर्मचारी, गवत कापणारा मजूर अशा अनेक नात्यांनी या भागातील मराठी घरांतील माणसे विमानाच्या हाताच्या अंतरावर वावरू लागली आहेत. वैमानिक होऊ पाहणारी मुले आणि त्यांना भेटायला येणारे आईवडील हे आणखी वेगळे. या सर्वांना विमानाच्या ज्या एका भागाची नीट ओळख असणे आवश्यक आहे, तो म्हणजे प्रोपेलर, ज्याला आपण बोलताना सरळ पंखाच म्हणतो.

फिरता पंखा घातक असतो हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही त्याच्या तडाख्यात सापडणाऱ्यांमध्ये नवख्या माणसांप्रमाणेच वर्षानुवर्षे विमानांत काम केलेली माणसेही असतात. म्हणजे येथे माहितीची उणीव हे मुख्य कारण नाही. धोका ठाऊक असूनही नेमक्या त्या क्षणी तो जाणवत नाही, कारण फिरणारा पंखा डोळ्यांना दिसेनासा होतो, कानांना दिशा देत नाही आणि थांबलेला असला की निर्जीव वाटतो. माझ्या मते पंख्याभोवतीची सुरक्षितता ज्ञानेंद्रियांवर सोपवताच येत नाही. ती जागेवर सोपवावी लागते. पंखा जेवढ्या वर्तुळात फिरतो तेवढे वर्तुळ आणि त्याच्या पुढची मोकळी जागा, पंखा चालू असो वा बंद, कायम व्यापलेली आहे असे धरून चालावे लागते.

आधी वेगाचा हिशेब पाहू. जगभर वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ या चार आसनी विमानाच्या पंख्याचा व्यास सुमारे १.९ मीटर, म्हणजे उंच माणसाच्या उंचीपेक्षा किंचित अधिक असतो. विमान जागेवर उभे राहून इंजिन मंद चालत असताना पंखा मिनिटाला साधारण ७०० ते १००० फेरे घेतो. १००० फेऱ्यांचा हिशेब केला तर सेकंदाला जवळजवळ १७ फेरे होतात, आणि पाती दोन असल्याने एकाच जागेवरून सेकंदाला ३३ वेळा पाते जाते. पात्याच्या टोकाचा वेग त्या वेळी ताशी सुमारे ३५० किलोमीटर असतो, आणि उड्डाणाच्या वेळी पूर्ण जोर दिल्यावर तो ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे जातो. आपण नेहमीच्या चालीने सेकंदाला साधारण १.४ मीटर पुढे सरकतो. याचा अर्थ, मंद चालणाऱ्या पंख्याची दोन पाती पाठोपाठ येण्याच्या मधल्या काळात चालणारा माणूस जेमतेम चार सेंटिमीटर पुढे जातो, आणि माणसाची जाडी ३० सेंटिमीटर धरली तर तो त्या वर्तुळातून पार होईपर्यंत सात पाती तेथून गेलेली असतात. दोन पात्यांच्या मधून निसटता येईल, निदान हात मागे घेता येईल, या समजुतीला हा हिशेब थाराच देत नाही. इंजिन ‘फक्त मंद चालू आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे.

आता दिसण्याचा प्रश्न. एखादी वस्तू सेकंदाला पन्नास-साठ वेळांहून अधिक डोळ्यांपुढून गेली की आपल्याला तिची उघडझाप वेगळी कळत नाही, सलग धूसर पडदा दिसतो. उजेड कमी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून संध्याकाळी मंद फिरणारा पंखासुद्धा पार्श्वभूमीत विरघळून जातो. त्यात आणखी एक गोष्ट अशी की पात्यांची वैमानिकाकडील बाजू बहुधा काळ्या, चकाकी नसलेल्या रंगाने रंगवलेली असते. सूर्यप्रकाश परावर्तित होऊन वैमानिकाचे डोळे दिपू नयेत हा त्यामागचा हेतू रास्त आहे. परंतु विमानातून उतरणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर तीच काळी बाजू येते आणि ती गडद डांबरी जमिनीपुढे किंवा पावसाळी आभाळापुढे ओळखू येत नाही. पात्यांच्या टोकांना पांढरे, पिवळे किंवा लाल पट्टे देण्याची रीत याचसाठी आहे, कारण पंखा फिरू लागला की त्या पट्ट्यांचे एक रंगीत कडे दिसते. हे पट्टे मळले किंवा खरवडले गेले असतील तर ते पुन्हा रंगवून घेणे हे दिसायला किरकोळ पण महत्त्वाचे काम आहे.

कृत्रिम प्रकाशात तर डोळे उघडपणे खोटे सांगू शकतात. काही दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. अशा दिव्याखाली मिनिटाला १५०० फेरे घेणारा दोन पात्यांचा पंखा दर उजळणीला बरोबर पाव फेरा पुढे गेलेला असतो, आणि पाहणाऱ्याला चार पाती जागच्या जागी स्थिर उभी असल्याचा भास होऊ शकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्यांना हा प्रकार नवा नाही, कारण ट्यूबलाइटखाली लेथचा फिरता चक, म्हणजे काम धरून फिरणारा भाग, थांबल्यासारखा भासू नये म्हणून कारखान्यांत दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडले जातात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही पाती वाकडी, तुटक किंवा उलट दिशेला सावकाश फिरताना दिसतात. कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्याचा तो परिणाम असतो. पडद्यावर पाहत पाहत मागे किंवा बाजूला सरकणारा छायाचित्रकार त्यामुळे दुहेरी धोक्यात असतो.

कानांची मदत होईल असे वाटते, पण एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या फरसबंद आवारात, दोन-तीन इंजिने एकाच वेळी चालू असली की आवाज कोठून येतो ते उमगत नाही, आणि तेथे काम करणाऱ्यांनी कानांचे संरक्षण घातलेले असते. वाऱ्याची गोष्ट त्याहून विचित्र आहे. पंख्याच्या मागे झोत जोरदार असतो, टोप्या उडतात, डोळ्यांत धूळ जाते. समोरच्या बाजूला मात्र हवा चहूकडून सावकाश ओढली जात असल्याने फारसे काही जाणवत नाही. म्हणजे ज्या बाजूने जाणे सर्वांत घातक, त्याच बाजूला वारा इशारा देत नाही. आपल्याकडच्या जून-जुलैत यात पावसाची भर पडते. झडीत माणूस मान खाली घालून, छत्री किंवा टोपी सावरत, कोरड्या जागेकडे जाणारी सर्वांत जवळची वाट धरतो, आणि उभ्या विमानाभोवती ती सर्वांत जवळची वाट बहुधा नाकासमोरूनच जाते.

२०११ च्या डिसेंबरात अमेरिकेतील टेक्सास राज्यात झालेली दुर्घटना या संदर्भात पुष्कळ काही सांगते. नाताळची रोषणाई वरून पाहून एक लहान विमान रात्री परतले, इंजिन चालू असतानाच एक तरुणी खाली उतरली आणि काही पावलांतच पंख्याच्या कक्षेत गेली. ती वाचली, मात्र तिचा डावा हात आणि डावा डोळा गेला. रात्रीची वेळ, नुकत्याच संपलेल्या सफरीचा आनंद आणि चालू इंजिन एवढ्याच गोष्टी त्यासाठी पुरल्या. प्रवाशाला उतरवायचे असेल तर आधी इंजिन बंद करावे आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नये, हा नियम एखाद्या मिनिटाच्या बचतीसाठी मोडण्यात कोणताही शहाणपणा नाही. सेस्नासारख्या वर पंख असलेल्या विमानातून उतरल्यावर पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या पुढे न जाता मागे, शेपटीच्या दिशेने निघावे. खाली पंख असलेल्या विमानातही पंखाच्या मागच्या कडेनेच उतरावे. लहान मुलाचा हात विमानापासून पूर्ण दूर जाईपर्यंत सोडू नये, आणि उडालेल्या टोपीच्या किंवा कागदाच्या मागे कोणीही धावू नये.

येथपर्यंत फिरत्या पंख्याविषयी झाले. थांबलेल्या पंख्याविषयी लोकांना सहसा सांगितले जात नाही, आणि मला स्वतःला तोच भाग अधिक समजावून सांगण्यासारखा वाटतो. पिस्टन इंजिन असलेल्या बहुतेक लहान विमानांत ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो नावाचे उपकरण करते. आपल्या शेतात पाठीवर घेऊन औषध मारण्याचा जो पेट्रोलचा पंप असतो, त्याला बॅटरी नसते, तरीही दोरी ओढली की तो सुरू होतो. आत चुंबक फिरतो, त्यातून वीज निर्माण होते आणि प्लगला ठिणगी मिळते. विमानाचा मॅग्नेटो याच तत्त्वावर चालतो, आणि तसे मुद्दाम केलेले असते, कारण हवेत बॅटरी किंवा जनित्र बंद पडले तरी इंजिन चालू राहिले पाहिजे. सुरक्षिततेसाठी असे मॅग्नेटो एका इंजिनावर दोन असतात. हवेत जो गुण जीव वाचवतो, तोच जमिनीवर घातक ठरू शकतो. विमानाची मुख्य विद्युत कळ बंद आहे म्हणून इंजिनही बंद, हे तर्कशास्त्र येथे लागू पडत नाही.

मॅग्नेटो बंद करण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. घरातला दिवा बंद करताना आपण तार तोडतो, म्हणजे विजेचा मार्ग खंडित करतो. मॅग्नेटोच्या बाबतीत नेमके उलटे आहे. त्याची कळ बंदवर नेली की एका तारेद्वारे त्याची वीज इंजिनाच्या सांगाड्यात वळवली जाते, म्हणजे तो अर्थ केला जातो, आणि त्यामुळे ठिणगी पडत नाही. आता ही तार कंपनांमुळे सैल झाली किंवा तुटली तर काय होईल? कळ बंदवर असेल, किल्ली वैमानिकाच्या खिशात असेल, आणि तरीही मॅग्नेटो जिवंत राहील. शिवाय इंजिन सावकाश फिरतानाही जोरदार ठिणगी मिळावी म्हणून बऱ्याच मॅग्नेटोंना स्प्रिंगची एक यंत्रणा जोडलेली असते, जी ठरावीक जागी आल्यावर चुंबकाला झटका देऊन फिरवते. सिलिंडरमध्ये थोडेसे इंधन उरले असेल आणि कोणी पंखा हाताने जरासा फिरवला, तर इंजिन एखादा ठोका घेऊ शकते. पाते अर्धा फेरा फिरण्यासाठी तेवढे पुरेसे असते. खूप तापलेल्या इंजिनात तर आतील कार्बनचा निखारासुद्धा ठिणगीचे काम करू शकतो.

म्हणूनच अशा विमानाचे इंजिन सहसा किल्ली फिरवून बंद करत नाहीत. वैमानिक हवा आणि इंधनाचे मिश्रण नियंत्रित करणारा दांडा मागे ओढून आधी इंधन तोडतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये उरलेले इंधन जळून जाते आणि इंजिन उपाशीपोटी थांबते. त्यानंतर मॅग्नेटोची कळ बंद होते, किल्ली काढून बाहेरून दिसेल अशी समोरच्या काचेजवळ ठेवली जाते आणि चाकांना पाचरी लावल्या जातात. इंजिन थांबवण्यापूर्वी ते मंद चालत असताना कळ क्षणभर बंदवर नेऊन इंजिन खरोखर मरू लागते का हे पाहण्याची जी पद्धत आहे, ती अर्थची तार शाबूत आहे की नाही हे ओळखण्यासाठीच. कळ बंद करूनही इंजिन चालतच राहिले, तर त्या विमानाच्या पंख्याला तंत्रज्ञ येईपर्यंत कोणीही हात लावता कामा नये, आणि तसे ठळकपणे लिहून ठेवले पाहिजे.

प्रशिक्षणार्थींनी यातून एवढी सवय लावून घ्यावी की पंख्याची पाहणी करताना अंग कधीही वर्तुळात येणार नाही. पाते तपासायचे तर बाजूला उभे राहून, सैल ओढणी, गळ्यातील ओळखपत्राची फीत किंवा हेडफोनची तार लोंबकळत नाही हे पाहून, बोटे कडेभोवती न गुंडाळता. पंखा धरून विमान ओढणे, पंख्यावर हात टेकून गप्पा मारणे, पात्याला टेकून छायाचित्र काढून घेणे या गोष्टी आपल्याकडे विनोदाने घेतल्या जातात, आणि तो विनोद मला मुळीच आवडत नाही. बॅटरी उतरली म्हणून हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करण्याची जुनी पद्धत आहे खरी, परंतु ती आत एक जाणता वैमानिक, बाहेर एक प्रशिक्षित माणूस, बांधलेले विमान आणि कोरडी घट्ट जमीन एवढे सर्व असल्याशिवाय करायची नसते. पावसाळ्यात लाल मातीच्या चिखलात पाय घसरला की माणूस पुढेच पडतो.

इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानावरील लाल लुकलुकणारा दिवा, म्हणजे बीकन, लावला जातो. वैमानिक खिडकीतून मोठ्याने ‘क्लिअर प्रॉप’, म्हणजे ‘पंख्यापासून दूर व्हा’, असे ओरडतो, आजूबाजूला पाहतो, थोडा वेळ थांबतो आणि मगच स्टार्टर दाबतो. ओरडणे आणि दाबणे यांत श्वासाचेही अंतर न ठेवणारे वैमानिक असतात, त्या ओरडण्याला काही अर्थ नसतो. जमिनीवरच्या माणसासाठी खूण सोपी आहे: लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत, पंखा थांबलेला दिसला तरीही, जवळ जायचे नाही.

मोठ्या प्रवासी विमानांत पंख्याचे रूप बदलते. कमी अंतराच्या उड्डाणांसाठी वापरल्या जाणाऱ्या एटीआर ७२ या विमानाला दोन बाजूंना दोन पंखे असतात, प्रत्येकी सहा पात्यांचा आणि जवळजवळ चार मीटर व्यासाचा, आणि त्यामागे सुमारे अडीच हजार अश्वशक्तीचे टर्बाइन इंजिन असते. प्रवाशांचे दार डाव्या बाजूला अगदी मागे, तर सामानाचे दार त्याच बाजूला पुढे असते, म्हणून प्रवाशांची वाट पंख्याला न ओलांडता मागच्या मागे निघते आणि सामान चढवणारा कामगार मात्र पंख्याच्या पुढच्या भागात काम करतो. या विमानाची एक खासियत अशी की जमिनीवर वीज आणि वातानुकूलन मिळावे म्हणून उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा मात्र ब्रेकने अडवून धरता येतो. पाती स्थिर दिसतात, आणि आत इंजिन धडधडत असते. त्या बाजूला स्थिर पंख्याचा अर्थ बंद इंजिन असा घेऊ नये. उलट, इंजिन पूर्ण बंद असताना या जातीचा पंखा नुसत्या वाऱ्यानेही फिरू शकतो, म्हणून उभ्या विमानाची पाती पट्ट्याने बांधून ठेवतात. एप्रनवर आखलेल्या पट्ट्यांमधून चालण्याचा आग्रह कर्मचारी धरतात तेव्हा तो शिस्तीचा बडेजाव नसतो, तर ही सर्व गुंतागुंत प्रवाशाला समजावत बसण्याऐवजी जमिनीवर काढून ठेवलेली असते.

जेट इंजिनाचा पंखा झाकलेला असतो, पण तो ओढून घेतो. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ अशा रीतीने चालू इंजिनात ओढला जाऊन दगावला, आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे सामान हाताळणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा तसाच अंत झाला. दुसऱ्या घटनेत विमान येण्यापूर्वी, इंजिने बंद होऊन लाल दिवा विझेपर्यंत जवळ जाऊ नये, अशी सूचना कर्मचाऱ्यांना दिलेली होती.

हेलिकॉप्टरचा नियम याच्या बरोबर उलटा आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत निपाणी, चिकोडी, खानापूरकडे शाळेच्या मैदानांवर हेलिकॉप्टर उतरू लागली की तो लक्षात असणे गरजेचे असते. विमानाजवळ मागून जावे, हेलिकॉप्टरकडे मात्र कधीही मागून जाऊ नये, कारण शेपटीचा लहान पंखा डोक्याच्या किंवा छातीच्या उंचीवर, मुख्य पात्यांपेक्षा कितीतरी जलद आणि जवळजवळ अदृश्य होऊन फिरत असतो. वैमानिकाला दिसेल अशा बेताने, त्याने खूण केल्यावरच, समोरच्या बाजूने वाकून जावे. मुख्य पाती पूर्ण वेगात ताठ असतात, पण थांबताना वेग मंदावला की ती खाली झुकतात आणि वाऱ्याच्या झोताने आणखी खाली येऊ शकतात. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नये, त्या बाजूला पाती जमिनीच्या अधिक जवळ असतात. गर्दीला दोरीबाहेर ठेवणाऱ्या पोलिसाशी हुज्जत घालणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

उसावर फवारणी करणारे ड्रोन आता आपल्या शिवारांतही फिरू लागले आहेत. त्यांचे पंखे लहान असले तरी बोटे तोडण्यास समर्थ असतात, म्हणून ड्रोन उतरल्यावर टाकी भरण्याआधी पाती थांबली आहेत आणि चालकाने मोटारी निष्क्रिय केल्या आहेत याची खात्री करावी, आणि पाती बदलताना बॅटरी काढूनच ठेवावी.

राहिला तो अनपेक्षित प्रसंग. मे २०२३ मध्ये सांबऱ्याजवळ होनिहाळच्या शिवारात एका प्रशिक्षण विमानाला शेतात तातडीने उतरावे लागले होते. अशा वेळी मदतीला धावून जाणे हा आपल्या खेड्यांचा स्वभाव आहे आणि तो चांगलाच आहे, मात्र धावताना वाट निवडावी. विमानाच्या मागच्या बाजूने, पंखाच्या मागून दाराकडे जावे, विडी-सिगारेट विझवावी, ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि आतील वैमानिक शुद्धीवर असेल तर कळा बंद करण्याचे काम त्यालाच करू द्यावे. पंखा थांबलेला, वाकलेला किंवा मातीत रुतलेला असला तरी तो धरून विमान सरळ करण्याचा, ओढण्याचा प्रयत्न करू नये. मॅग्नेटोविषयी वर जे लिहिले ते वाकलेल्या पंख्यालाही लागू आहे. याला आणखी एक कारण आहे. नंतर येणारे तपास अधिकारी त्या पात्यांवरून इंजिनाची शेवटची स्थिती वाचत असतात. पाती पिळवटून वाकली असतील आणि त्यांच्या पुढच्या बाजूवर आडवे ओरखडे असतील तर जमिनीला टेकताना इंजिन जोर देत होते असे अनुमान निघते, आणि एखादे पाते नुसतेच मागे दुमडलेले व दुसरे सरळ राहिलेले असेल तर इंजिन त्याआधीच जोर गमावून बसले होते असे. कोणी ती पाती हलवली, फिरवली किंवा ठोकून बाजूला केली तर हा पुरावा पुसला जातो.